स्वतःची स्वतः सी शिकायची आहे: सुरुवात कुठून करू?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी,

सी भाषा शिकायची ठरवलंय. क्लास लावणं वेळेमुळे जमणार नाही, तेव्हा स्वतःच. प्रोग्रामिंगचा अनुभव शून्य. एक्सेलमध्ये सूत्रं बऱ्यापैकी लिहिते, व्हीलूकअपला घाबरत नाही, एवढंच भांडवल.

शोधाशोध बरीच केली आणि आता शोधाशोधीचाच कंटाळा आलाय. एक म्हणतो अमुक पुस्तक म्हणजे गीता, दुसरा म्हणतो नवख्याने त्याला हात लावू नये. व्हिडिओ बघायला जावं तर शंभर-शंभर भागांच्या मालिका. त्यातल्या अर्ध्यांमध्ये निळ्या स्क्रीनवर काम चाललेलं असतं आणि ते सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर उघडतच नाही.

पुस्तक एकच घ्यायचं तर कोणतं? विंडोजवर नेमकं काय इन्स्टॉल करायचं? व्हिडिओ बघावेत का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, शिकवणारं कोणी नसताना आपण लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे कळायचं कसं?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. अगोदर असा धागा झाला असेल तर लिंक द्या.

---

निशाचर

पहिला!

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. "सी कशाला, पायथन शिका" हा प्रतिसाद किती वेळात येतो बघू.

---

हिरवा_साप

सी कशाला, पायथन शिका.

(निशाचर, तुम्हाला ताटकळत ठेवणं बरं दिसत नव्हतं.)

आता गंभीरपणे. कोरी_पाटी, पहिली भाषा म्हणून सी घेतलीत तर दोन गोष्टी एकदम शिकाव्या लागतात: प्रोग्रामिंग म्हणजे काय, आणि संगणकाची मेमरी कशी चालते. पायथनमध्ये दुसरी पुढे ढकलता येते. दोन नावं जोडून एक करायची एवढं साधं काम; पायथनमध्ये अधिक चिन्ह टाकलं की झालं. सीमध्ये आधी जागा किती लागेल ते मोजा, शेवटच्या शून्य बाइटची (मजकूर संपल्याची खूण) जागा धरा, मग कॉपी करा. नवखा माणूस इथेच कंटाळतो. महिना-दोन महिने पायथन करा, लूप आणि फंक्शन अंगवळणी पडू द्या, मग सीकडे या.

---

जुनं_खोड

सापराव, बाईंनी सीबद्दल विचारलंय. तुमचा पायथन ज्या इंटरप्रिटरवर (कोड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामवर) सहसा चालतो तो सीपायथनसुद्धा सीमध्येच लिहिलेला आहे हे विसरू नका. गिट सीमध्ये, एसक्यूलाइट सीमध्ये, लिनक्स कर्नल बहुतांश सीमध्ये.

आता उत्तर. पुस्तक एकच: कर्निगन आणि रिची यांचं "द सी प्रोग्रामिंग लँग्वेज". पहिली आवृत्ती १९७८, दुसरी १९८८. रिची म्हणजे ज्यांनी ही भाषा बेल लॅब्समध्ये घडवली ते. जेमतेम पावणेतीनशे पानं, एक वाक्य फालतू नाही. आम्ही यावरच शिकलो. पहिल्याच प्रकरणात ओळी मोजा, शब्द मोजा असले छोटे प्रोग्राम आहेत आणि प्रत्येकाखाली स्वाध्याय. सीच्या प्रोग्राममधल्या सगळ्या टिप्पण्या काढून टाकणारा प्रोग्राम लिहा, असा एक स्वाध्याय त्यात आहे. दिसायला सोपा वाटतो. अवतरण चिन्हांच्या आत टिप्पणीसारखं काही आलं तर काय, हे लक्षात आलं की खरी मजा सुरू होते. तो एक स्वाध्याय मनापासून केला तर दहा व्हिडिओ बघायला नकोत.

---

अर्धविराम

जुनं_खोड काका, पुस्तकाबद्दल पूर्ण आदर आहे, पण नवख्या माणसाला ते देऊ नका. हे मी म्हणत नाही, खुद्द पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय की हे प्रोग्रामिंगची तोंडओळख करून देणारं पुस्तक नाही. व्हेरिएबल, लूप, फंक्शन यांची थोडी माहिती वाचकाला आहे असं गृहीत धरलंय. तुम्ही ते उघडलंत तेव्हा तुम्हाला दुसरी एखादी भाषा येत असणार.

दुसरं म्हणजे ते १९८८ साली थांबलेलं आहे. फॉर लूपच्या कंसातच व्हेरिएबल जाहीर करणं, दोन तिरप्या रेघांची टिप्पणी, बूल, ठरावीक रुंदीचे पूर्णांक हे सगळं सी-९९ मध्ये, म्हणजे सीच्या १९९९ च्या मानकात आलं. त्यानंतर सी-११, सी-१७ आणि आता सी-२३.

कोरी_पाटी, तुमच्यासाठी के. एन. किंग यांचं "सी प्रोग्रामिंग: अ मॉडर्न अप्रोच", दुसरी आवृत्ती, २००८ ची. आठशेच्या वर पानं आहेत, पण जाडीला घाबरू नका. जाड आहे कारण समजावून सांगतं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी प्रश्नोत्तरं आहेत आणि तुम्हाला पडणारी नेमकी शंका त्यात बऱ्याचदा आधीच विचारलेली असते. शिवाय सी-८९ आणि सी-९९ मधला फरक जागोजागी सांगितलाय.

---

निशाचर

काका विरुद्ध अर्धविराम. मोठा डबा आणायला हवा होता.

---

खटपट्या

निळ्या स्क्रीनचं मी सांगतो. ते टर्बो सी. १९८७ सालचं बोरलँडचं उत्पादन, डॉसच्या जमान्यातलं. १६ बिटी प्रोग्राम ६४ बिटी विंडोजवर चालतच नाहीत, म्हणून तुमच्याकडे उघडत नाही. डॉसबॉक्समध्ये घालून चालवणारे आहेत, पण कशाला?

आमच्या काळचं म्हणून प्रेम आहे, ते वेगळं. पण त्यात शिकलात तर इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) दोन बाइटचा असतो आणि ३२७६७ च्या पुढे मोजता येत नाही. आज तुमच्या लॅपटॉपवर तो चार बाइटचा असतो. कोनिओ नावाची हेडर फाइल, क्लिअर-स्क्रीनचं फंक्शन, शेवटी खिडकी बंद होऊ नये म्हणून गेटच, व्हॉइड मेन... यातलं काहीही सीच्या मानकात नाही. शिकायच्या आधीच विसरायच्या गोष्टींची यादी तयार होते.

एक सोपा नियम: व्हिडिओच्या पहिल्या पाच मिनिटांत क्लिअर-स्क्रीन दिसलं की बंद करा, पुढचा शोधा.

विंडोजवर सुरुवातीला कोडब्लॉक्स. डाउनलोडच्या पानावर बरेच पर्याय असतात, त्यातला नावात "मिनजीडब्ल्यू" असलेला घ्या. म्हणजे एडिटर (कोड लिहायची जागा) आणि कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारा) एकत्र येतात. व्हीएस कोड सगळे सांगतील, पण तो फक्त एडिटर आहे, कंपायलर वेगळा टाकावा लागतो. "व्हीएस कोड टाकला पण प्रोग्राम चालत नाही" हा प्रश्न मी इतक्यांदा वाचलाय की उत्तर कॉपी करून ठेवलंय.

---

टर्बो_प्रेमी

खटपट्या, निषेध! कंट्रोल एफ-नाइन दाबल्यावर जे समाधान मिळायचं ते आजच्या पोरांना कळणार नाही. एका डब्यात एडिटर, कंपायलर, मदतीची पानं, सगळं. इंटरनेटची गरज नाही.

शिकणाऱ्याला लूप आणि इफ शिकायचे असतात. इंट दोन बाइटचा की चारचा, यावाचून त्याचं काय अडतं?

---

खटपट्या

आठचं फॅक्टोरियल काढताना अडतं. ४०३२० येतं, दोन बाइटच्या इंटमध्ये मावत नाही आणि स्क्रीनवर ऋण संख्या दिसते. शिकणारा बिचारा लूपमध्ये चूक शोधत बसतो.

मदतीच्या पानांबद्दल मात्र सहमत. तशी मदत नंतर कुठे दिसली नाही.

---

मौनी

मराठीतून हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात सी आणि सी प्लस प्लसची मालिका मराठी आवाजात आहे. छोटे छोटे भाग. जीसीसी हा कंपायलर वापरून शिकवतात, टर्बो नाही.

---

गोगलगाय

माझाही अनुभव लिहिते, कारण मीसुद्धा संगणकाचं शिक्षण न घेता शिकले.

मी हार्वर्डचा सीएस-५० हा अभ्यासक्रम केला. ऑनलाइन फुकट आहे. पहिल्या आठवड्यात चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्राम, मग बरेच आठवडे सी, नंतर पायथन वगैरे. डेव्हिड मालन शिकवतात. व्याख्यान बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, स्वाध्याय उघडला की काहीच समजलेलं नाही हे कळतं. स्वाध्याय हाच खरा अभ्यासक्रम, व्याख्यानं ही जाहिरात. पाठवलेला प्रोग्राम आपोआप तपासून मिळतो, हे एकट्याने शिकणाऱ्याला फार मोलाचं.

एक खोट मात्र आहे. सुरुवातीला ते स्वतःची एक लायब्ररी देतात. त्यात गेट-स्ट्रिंग, गेट-इंट अशी सोयीची फंक्शनं असतात आणि स्ट्रिंग नावाचा एक प्रकारसुद्धा. सीमध्ये असा प्रकार नाही, तो आतून कॅरेक्टरचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता असतो. चौथ्या आठवड्यात हा पडदा बाजूला करतात. तोवर ज्यांना तीच खरी सी वाटायला लागलेली असते त्यांची तिथे फजिती होते.

व्हिडिओ की पुस्तक, यावर माझं मत: व्हिडिओ बघायचा असेल तर बघा, पण थांबवून स्वतः टाइप करा. कॉपी-पेस्ट अजिबात नाही. सेमिकोलन राहणार, कंस राहणार, कंपायलर ओरडणार. ते ओरडणं वाचायची सवय ज्याला लागली तो टिकतो.

---

अर्धविराम

सेमिकोलन राहणार म्हणजे? मी इथे आहे ना.

---

निशाचर

=))

---

कोरी_पाटी

एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

सीच का, ते सांगते. मुलाने एक आर्डुइनो बोर्ड घेतलाय. तो इंटरनेटवरून कोड आणून चिकटवतो आणि दिवे लुकलुकतात. मी विचारलं की ही ओळ काय करते, तर म्हणाला, माहीत नाही, पण काढली की बंद पडतं. मला ते "माहीत नाही" सहन होईना. पायथनचा विचार केला होता, पण आतलं यंत्र बघायचं असेल तर सी, असं वाचलं.

---

खटपट्या

मग तुम्ही योग्य दाराशी आलात. आर्डुइनोचं स्केच तसं सी प्लस प्लस म्हणून कंपाइल होतं, पण सुरुवातीचं बरंचसं सीसारखंच दिसतं. तिथे मजा अशी की जुन्या ऊनो बोर्डावर इंट खरंच दोन बाइटचा असतो आणि रॅम फक्त दोन किलोबाइट.

(टर्बो_प्रेमी, हसू नका.)

---

टर्बो_प्रेमी

हसतोय.

---

शॉर्टकट_सम्राट

२०२५ उलटून गेलं आणि लोक अजून पुस्तकं सुचवतायत! एआयला विचारा, कोडही देतो, समजावूनही सांगतो, न चिडता शंभर वेळा. पुस्तक चिडत नाही पण उत्तरही देत नाही.

---

गोगलगाय

समजावून सांगायला उत्तम, हे मान्य. कंपायलरची एखादी चूक कळली नाही तर मीही विचारते. पण स्वाध्यायाचं उत्तर विचारलंत की संपलं. वाचताना सगळं पटतं, आणि दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली की हात थांबतात.

शिवाय सीमध्ये एक वेगळाच धोका आहे. पायथनमध्ये यादीच्या बाहेरचा घटक मागितला तर तो तिथेच अडवतो. सीमध्ये चुकीचा कोडसुद्धा चालतो आणि उत्तरही बरोबर देतो. आज देतो, उद्या नाही. एआयने दिलेला कोड "चालला" म्हणजे बरोबर आहे, असं सीबाबत म्हणता येत नाही. तो तपासायची नजर नवख्याकडे कुठून येणार?

---

हिरवा_साप

गोगलगाय यांना +१. (बघा, पायथनचं कौतुक शेवटी सीवाल्यांकडूनच आलं.)

पॉइंटरसाठी एक टीप देऊन ठेवतो: व्हेरिएबल म्हणजे घर आणि पॉइंटर म्हणजे घराचा पत्ता. एवढं लक्षात ठेवलं की झालं.

---

खटपट्या

एवढंच लक्षात ठेवलं तर पॉइंटरचा पॉइंटर आला की "पत्त्याचा पत्ता" म्हणजे काय, यावर माणूस रात्रभर जागतो. घरबिर सोडा, कागद घ्या.

एक चौकोन काढा. आत ३५ लिहा, खाली नाव "वय", वर क्रमांक १०००. शेजारी दुसरा चौकोन, नाव "पी", आत १०००, वर क्रमांक २०००. झाला पॉइंटर. पी छापला की १०००, पीच्या आधी तारा लावला की १००० क्रमांकाच्या चौकोनात जाऊन ३५. तारा लावलेला पी बरोबर ४०, असं लिहिलं की पहिल्या चौकोनातले ३५ खोडा आणि ४० लिहा. वयाला हात न लावता वय बदललं. पॉइंटरचा पॉइंटर म्हणजे तिसरा चौकोन, आत २०००. बस.

आणि पी अधिक एक म्हणजे १००१ नाही, १००४. कारण इंट चार बाइटचा आणि पी इंटकडे बघतोय. ॲरे (एकाच प्रकारच्या घटकांची सलग रांग) पुढे कसा सरकतो ते इथे कळतं. पायथन ट्यूटर नावाची साइट आहे. नावात पायथन असलं तरी सीचा कोडही चालतो आणि हे चौकोन-बाण ओळीओळीने काढून दाखवते.

---

अनामिक_वाचक

वाखुसा (वाचनखूण साठवली).

---

कोरी_पाटी

किंग यांचं पुस्तक मिळालं, कोडब्लॉक्सही चालू झालं. स्वतः टाइप करतेय, गोगलगायताईंचं ऐकून.

एक ठिकाणी अडकले. इथे कोड चिकटवला की कोनी कंसातलं सगळं गायब होतंय, म्हणून शब्दांत सांगते. आधी स्कॅनएफने वय विचारते, मग एफगेट्सने पूर्ण नाव. वय टाकून एंटर दाबलं की नाव विचारतो, पण मी काही टाइप करायच्या आतच पुढे जातो. नाव रिकामं. एरर काही नाही. पुन्हा इन्स्टॉल करून बघू का?

---

टर्बो_प्रेमी

मध्ये एफफ्लश एसटीडी-इन अशी ओळ टाका. लगेच चालेल.

---

अर्धविराम

नको! एफफ्लश हे बाहेर जाणाऱ्या प्रवाहासाठी आहे. आत येणाऱ्यावर ते वापरलं तर काय व्हायचं हे मानकात ठरवलेलंच नाही. काही कंपायलरवर चालल्यासारखं दिसतं, दुसरीकडे नेलं की पुन्हा तेच.

कोरी_पाटी, इन्स्टॉलेशन ठणठणीत आहे. तुम्ही ३, ५ आणि एंटर अशा तीन कळा दाबल्यात. स्कॅनएफला पूर्णांक हवा होता, त्याने ३५ उचलले आणि एंटर तिथेच सोडला. एफगेट्सचं काम म्हणजे एंटर दिसेपर्यंत वाचणं. त्याला पहिल्याच घासाला एंटर दिसला. त्याच्या मते तुम्ही रिकामी ओळ दिलीत.

उपाय: स्कॅनएफ आणि एफगेट्स एकत्र वापरू नका. प्रत्येक वेळी एफगेट्सने अख्खी ओळ घ्या आणि त्या ओळीतून एसस्कॅनएफने आकडा काढा. वयाच्या जागी कोणी "पस्तीस" असं अक्षरांत लिहिलं तर एसस्कॅनएफ शून्य परत करतो, म्हणजे किती गोष्टी सापडल्या ते सांगतो. ते तपासलं की चुकीची माहितीही पकडता येते. बरीच पुस्तकं स्कॅनएफ पहिल्या दिवशी हातात देतात, कारण त्याशिवाय काही गंमत दाखवता येत नाही. माझ्या मते नवख्यांचे अर्धे हाल तिथेच होतात.

---

जुनं_खोड

बरोबर सांगितलंस, अर्धविराम. आणि कोणी गेट्स सुचवलं तर त्याच्याकडे लक्षही देऊ नका. त्याला जागा किती आहे ते सांगायची सोयच नाही, समोरचा देईल तेवढं लिहीत सुटतं. १९८८ साली मॉरिस वर्म पसरला, त्याने शिरकाव करण्यासाठी वापरलेल्या वाटांपैकी एक म्हणजे फिंगर सेवेतलं हे गेट्स. सी-११ मध्ये ते भाषेतून काढूनच टाकलं.

---

कोरी_पाटी

चाललं! आणि का चाललं तेही कळलं.

पण मंडळी, माझ्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. पुस्तकावरून भांडलात, टर्बोवरून भांडलात. शिकवणारं कोणी नसताना बरोबर-चूक कळायचं कसं? गोगलगायताईंनी तर आणखी घाबरवलं, चुकीचा कोडसुद्धा चालतो म्हणून.

---

खटपट्या

रास्त तक्रार आहे. खरं तर तोच प्रश्न सगळ्यात आधी घ्यायला हवा होता. पुस्तक कुठलंही चालेल एक वेळ, पण ही सोय केल्याशिवाय एकट्याने सी शिकू नये, या मताचा मी आहे.

एक प्रयोग करा. पाच घटकांचा इंट ॲरे घ्या, त्यात पाच आकडे भरा आणि फॉर लूपने बेरीज करा. लूपची अट मुद्दाम चुकवा: "आय पाचापेक्षा लहान" याऐवजी "आय पाच किंवा लहान". म्हणजे लूप सहावा घटक वाचेल, जो नाहीच. चालवा. कदाचित बेरीज बरोबर येईल, कारण त्या जागी योगायोगाने शून्य पडलेलं असेल. कदाचित काहीतरी भलताच आकडा येईल. नुसतं चालवून तुम्हाला काही कळणार नाही.

आता हाच प्रोग्राम जीसीसीने तीन गोष्टी जोडून कंपाइल करा. पहिली, वॉर्निंगचे दोन पर्याय, ऑल आणि एक्स्ट्रा. दोन्हींच्या आधी उणे चिन्ह आणि मोठा डब्ल्यू. दुसरी, जी, म्हणजे चुकीच्या जागी ओळ क्रमांक दिसतो. तिसरी, एफसॅनिटाइझ, त्यात ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड. हाच सॅनिटायझर, प्रोग्राम चालू असताना चुका पकडणारा. आता चालवलंत की प्रोग्राम त्या लूपवरच थांबेल, लाल अक्षरांत "स्टॅक बफर ओव्हरफ्लो" म्हणेल आणि तुमच्या फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक देईल. पुढचा भला मोठा मजकूर सोडून द्या, वरच्या चार ओळी आणि क्रमांक बघा.

यात मॅलॉकने (मेमरीत जागा मागणारं फंक्शन) घेतलेली जागा परत न करणं, परत केलेल्या जागेत पुन्हा लिहिणं, इंट ओसंडून वाहणं हेही पकडलं जातं. व्हॅल्ग्राइंड नावाचं जुनं साधनही आहे, तेही चांगलं, पण वरच्यासारखी ॲरेतली चूक त्याला सहसा दिसत नाही.

अडचण एकच. कोडब्लॉक्सबरोबर येणाऱ्या मिनजीडब्ल्यूच्या जीसीसीत हे सॅनिटायझर चालत नाही. वॉर्निंग तिथे चालू करा, कंपायलर सेटिंगमध्ये टिचक्या आहेत. सॅनिटायझरसाठी विंडोजवर डब्ल्यूएसएल टाका, म्हणजे विंडोजच्या आतच लिनक्स मिळतं, त्यात जीसीसी. नसेल टाकायचं तर कंपायलर एक्सप्लोरर या साइटवर कोड चिकटवून हेच पर्याय देता येतात.

---

गोगलगाय

यात एक भर. एक्सरसिझम या साइटवर सीचे स्वाध्याय आहेत, चाचण्या आधीच लिहून ठेवलेल्या असतात. तुम्ही फंक्शन लिहायचं, चाचण्या चालवायच्या. आणि हे सॅनिटायझर लावून चाचण्या चालवायची सोय त्यांच्या मेकफाइलमध्ये दिलेली असते. तपासून घ्यायला माणूस हवाच असेल तर तिथे अनुभवी लोक कोड वाचून अभिप्रायही देतात. मला एकाने सांगितलं होतं की तुझं फंक्शन स्वतःच्या आतल्या ॲरेचा पत्ता परत करतंय, तो ॲरे फंक्शन संपलं की उरतच नाही. पुस्तकात वाचलं होतं, पण स्वतःच्या कोडवर बोट ठेवून कोणी दाखवलं की वेगळं असतं.

---

हिरवा_साप

हे सगळं वाचून माझंच मन सीकडे वळायला लागलंय. किंग वाचू की दुसरं काही? मला प्रोग्रामिंग येतं, नवीन काय आहे तेवढंच हवंय.

---

अर्धविराम

साप, तुमच्यासाठी बीजचं सी गाइड. ऑनलाइन फुकट आहे, गमतीशीर लिहिलंय आणि दुसरी भाषा येते असं गृहीत धरूनच लिहिलंय. नंतर येन्स गुस्टेट यांचं मॉडर्न सी, तेही लेखकाने ऑनलाइन मोफत ठेवलंय, पण ते सावकाश वाचायचं आहे.

---

निशाचर

पायथनवाला बाटला. पॉपकॉर्न वसूल.

---

कोरी_पाटी

डब्ल्यूएसएल टाकलं, वॉर्निंग लावल्या, सॅनिटायझर लावला. पहिल्याच फटक्यात माझ्या जुन्या, "चालणाऱ्या" प्रोग्रामवर लाल अक्षरं आली. हॅलो या शब्दासाठी पाच कॅरेक्टरचा ॲरे घेतला होता आणि स्ट्रिंग-कॉपीने त्यात भरला होता. शेवटच्या शून्याला जागा नव्हती. ओळ क्रमांकासकट दाखवलं.

आता नवीन शंका. दहा इंटचा ॲरे. मेनमध्ये (मुख्य फंक्शनमध्ये) साइझऑफ केलं, म्हणजे आकार किती बाइटचा ते विचारलं, की ४० येतात. तोच ॲरे फंक्शनला देऊन तिथे साइझऑफ केलं तर ८. वॉर्निंग आली आहे आणि मी ती नीट वाचलीसुद्धा. त्यात म्हटलंय की हा साइझऑफ इंटच्या पॉइंटरचा आकार देईल. पण मी पॉइंटर कुठे लिहिलाय? मी तर चौकटी कंस टाकून ॲरेच लिहिलाय!

---

खटपट्या

फंक्शनच्या यादीत चौकटी कंस लिहिले तरी कंपायलर तिथे पॉइंटरच धरतो. ॲरे आत जातच नाही, त्याच्या पहिल्या घटकाचा पत्ता जातो. तुमच्या मशीनवर पत्ता आठ बाइटचा, म्हणून ८. कंसात १० लिहिलंत तरी त्या दहाकडे तो बघत नाही. फंक्शनला लांबी वेगळी द्यायची: एक पॅरामीटर ॲरेसाठी, दुसरा त्यात किती घटक आहेत त्यासाठी. मेनमध्ये ४० भागिले एका घटकाचा आकार करून ती लांबी काढा आणि पाठवा.

---

जुनं_खोड

कर्निगन-रिचींच्या पाचव्या प्रकरणात हेच आहे, आणि तिथे कंसांऐवजी तारा लिहायला त्यांनी पसंती दिलीय, म्हणजे पॉइंटर आहे हे वाचणाऱ्याला स्पष्ट दिसतं. पाचवं प्रकरण आता वाचलंत तर समजेल तुम्हाला. नवख्यांसाठी नाही म्हणे!

---

अर्धविराम

काका, आता त्या नवख्या राहिल्या कुठे? आता द्या खुशाल.